हात लावू नये असे शब्द

माझी सिंधूकाकू सांगलीची. चौपन्न साली लग्न होऊन ती अमरावतीला आली आणि आल्या आल्या सगळ्यांना एक गोष्ट कळली, की हिच्या हाती छापील कागद देऊ नये. मजकूर ती नंतर वाचायची, आधी त्यातल्या चुका बघायची. किराण्याची पुडी सोडली की गूळ डब्यात जायचा आणि पुडीचा कागद काकूच्या हातात. गोपाळकृष्णकाका, म्हणजे तिचे यजमान, शाळेत गणित शिकवायचे. ते म्हणत, "मी घरी येऊन गणितं तपासत नाही. हिची शाळा मात्र सुटतच नाही."

तिचे वडील, अण्णा, सांगलीच्या शाळेत मराठी शिकवणारे. घरातल्या पोरांनी चुकीचं ऱ्हस्व-दीर्घ लिहिलं तर जेवायला बसण्याआधी ते दुरुस्त करून घेणारे. काकूचं वळण तिथलं.

आत्याच्या लग्नाची पत्रिका राजापेठेतल्या छापखान्यात दिली होती. छापखाना भगवंतरावांचा. भगवंतराव मुळात शेतकरी, चांदूर बाजाराकडे त्यांचं काळं रान होतं, पण छापील अक्षराचं वेड लागलं म्हणून त्यांनी राजापेठेत पायानं चालवायचं एक ट्रेडल मशीन टाकलं आणि 'वऱ्हाड-शिवार' नावाचं साप्ताहिक सुरू केलं. त्यात बाजारभाव, शेतीच्या सूचना, गावोगावची पत्रं आणि छोट्या जाहिराती असायच्या. पत्रिकेचं प्रूफ आमच्या घरी आलं, ते काकूच्या हाती पडलं, आणि परत गेलं तेव्हा निळ्या पेन्सिलीनं भरून गेलं होतं. भगवंतराव तो कागद घेऊन स्वतःच आले.

"सर, हे कोणं केलं?" त्यांनी काकांना विचारलं.

काकांना वाटलं, भांडायला आलेत. पण भगवंतराव म्हणाले, "आमच्या पेपरात मले रोज लोक चुका दाखवतात. सुधरवाले मानूस भेटत नाही. बाईंले येता येईन का दुपारचं?"

त्या काळी आमच्यासारख्या घरातली सून छापखान्यात जाऊन बसणं म्हणजे नवलच होतं. पण काकांनी होकार दिला आणि काकू दुपारची जेवणं आटोपून राजापेठेत जाऊ लागली. कंपोझिटरांच्या खोलीशेजारी तिला एक टेबल मिळालं. हातानं अक्षरांचे खिळे जुळवणारा पुंजाराम हा तिथला जुना माणूस. तो तिला 'प्रूफवाल्या बाई' म्हणे, आणि पुढं सगळी राजापेठ तेच म्हणू लागली.

काकूनं साप्ताहिक घासूनपुसून लख्ख केलं. पूर्वी पत्र वाचलं की कोणत्या गावचा माणूस बोलतोय ते ओळखू यायचं. आता अचलपूरचा माणूस, मूर्तिजापूरचा माणूस, सगळे सांगलीच्या शाळेत शिकल्यासारखे लिहू लागले. भगवंतरावांना ते जरा चमत्कारिक वाटे, पण आपणच बोलावून आणलेल्या बाईंना काय म्हणणार, म्हणून ते गप्प राहत.

मग ती जाहिरात आली. अकोल्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी हिवरखेड म्हणून मोठं गाव आहे. तिथल्या खुशालरावांनी लिहून पाठवलं होतं: 'चार बंड्या कुटार विकणे आहे. येऊन पाहून घ्यावे.'

काकूनं ते वाचलं. तिच्या माहेरी बंडी म्हणजे पुरुष अंगात घालतात ती. आणि कुटार असा शब्द तिनं कधी ऐकलाच नव्हता. तिनं शब्दकोश उघडला. कुठार सापडला, अर्थ कुऱ्हाड. गृहस्थ घरातल्या जुन्या वस्तू काढतायत, असं तिला वाटलं. मनात म्हणाली, वापरलेल्या बंड्या कोण विकत घेणार. तरी तिनं 'ट'चा 'ठ' केला, मध्ये नसलेला स्वल्पविराम घातला, आणि 'आहे'चं 'आहेत' केलं. अंकात छापून आलं: 'चार बंड्या, कुठार विकणे आहेत.'

वऱ्हाडात बंडी म्हणजे बैलगाडी. आणि कुटार म्हणजे मळणी झाल्यावर उरतो तो तुरीचा, हरभऱ्याचा भुसा, गुराढोरांना घालतात. चार गाड्या भुसा विकायला काढलेला माणूस अंकात चार बैलगाड्या आणि कुऱ्हाड विकायला निघाला.

पुढचा अंक निघण्याआधीच खुशालराव छापखान्यात हजर झाले. सोबत त्यांच्या बायको मैनाबाई होत्या. हिवरखेडहून अकोटला, तिथून मोटार बदलत बदलत आल्यामुळं दोघांच्या अंगावर रस्त्याची धूळ होती. खुशालराव शांत होते. मैनाबाई नव्हत्या.

"मालक कोण हाये इथला?" त्यांनी दारातूनच विचारलं.

भगवंतरावांनी दोघांना बसवलं, पाणी दिलं. खुशालरावांनी घडीचा अंक काढून टेबलावर ठेवला. "माह्याजवळ बंडी एक हाये," ते म्हणाले. "चार नाही. एकच. चार गावचे लोक येऊन गेले बंडी पाह्याले."

"बंडीचं सोडा," मैनाबाई म्हणाल्या. "लोक म्हनून राहिले, बंड्या विकल्या, कुऱ्हाड विकली, आता खुशालराव घर सोडते आन रिद्धपूरले महानुभावाच्या मठात जाऊन संन्यास घेते. माहा भाऊ तेल्हाऱ्याहून रडत रडत आला. दाजीले समजवाले. हे बसले होते अंगनात, भाकर खात."

"म्या त्याले म्हटलं, तू बी खा," खुशालराव म्हणाले.

भगवंतरावांना हसू आवरेना, पण मैनाबाईंकडे बघून ते खोकल्यासारखं करत राहिले. आतल्या टेबलाशी बसलेल्या काकूनं सगळं ऐकलं होतं. ती उठून बाहेर आली आणि म्हणाली, "चूक माझी आहे. मीच ते बदललं."

मैनाबाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. एवढा घोळ घालणारा कोणी पुरुष असेल असं धरून त्या आल्या होत्या. "काहून बदललं?"

"मला वाटलं, बंडी म्हणजे..." काकूनं हातानं छातीवर बटणं लावल्यासारखं दाखवलं. "आमच्याकडं अंगात घालतात तिला बंडी म्हणतात."

मैनाबाईंनी पदर तोंडावर घेतला आणि हसायला लागल्या. खुशालरावांच्या अंगातल्या बंडीला बोट लावून म्हणाल्या, "म्हंजे ह्या चार विकाले काढल्या होत्या यायनं? इकडं एक धुवाले टाकत नाही हा मानूस." त्या हसल्या तसे भगवंतरावही मोकळे हसले, आणि पुंजाराम खिळे जुळवता जुळवता हसू लागला.

जाताना खुशालरावांनी काकूला विचारलं, "बाई, तुमी कुटार पाह्यलंच नाही का कधी?"

"पाहिलं असेल रस्त्यानं. नाव माहीत नव्हतं."

"मंग या आमच्या घरी. पाहून जा."

असं आमंत्रण लोक देतात आणि विसरतात. काकू विसरली नाही. पुढच्याच एका रविवारी ती काकांना घेऊन हिवरखेडला गेली. काका वाटेत म्हणत होते, भुसा पाहायला मोटारीनं इतक्या लांब जाणारं आपण पहिलंच जोडपं असू. मैनाबाईंनी रोडगे आणि वांग्याची भाजी केली होती. जेवणानंतर त्यांनी काकूला गोठ्यामागं नेऊन कुटाराचा ढीग दाखवला. काकूनं मूठभर हातात घेऊन पाहिलं. मग ती विचारत सुटली. हे काय, ते काय, याला काय म्हणता. शेताच्या बांधाला धुरा. शेताला वावर. कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी. पिकाच्या ओळींमधून औत फिरवून तण काढतात त्याला डवरणी. मैनाबाईही गप्प नव्हत्या; प्रत्येक शब्दानंतर त्या विचारत, "तुमच्यात का म्हनते याले?" आणि काकूचा शब्द ऐकून त्यांना काकूपेक्षा जास्त मजा वाटे. काकू सांगायची, त्या दिवशी परत येताना तिच्या मनात एकच आलं, की इतक्या महिन्यांत आपण आणखी किती लोकांच्या बंड्या विकल्या असतील.

सोमवारी ती छापखान्यात आली ती फळा घेऊनच. काकांनी शाळेतला चिरलेला एक जुना फळा हेडमास्तरांना सांगून मिळवला होता. तो तिनं टेबलासमोरच्या भिंतीवर टांगला आणि वर खडूनं लिहिलं, 'हात लावू नये'. खाली पहिला शब्द कुटार. दुसरा बंडी. मग वावर, धुरा, पऱ्हाटी, डवरणी. फळ्यावरचा शब्द मजकुरात आला की पेन्सिल उचलायची नाही, असा तिचा स्वतःसाठीच नियम होता.

फळ्याची बातमी पसरायला वेळ लागला नाही. जाहिरात द्यायला येणारे लोक आधी फळा वाचत. आपल्या गावचा शब्द दिसला नाही तर सांगत, हा टाका. एक जण आपल्या बैलाचं नाव फळ्यावर घालायला सांगून गेला. रिद्धपूरहून कोणी आले, त्यांनी गावाचं नाव रिद्धपूरच राहू द्या म्हटलं. पाठोपाठ दुसरे आले, ते म्हणाले ऋद्धिपूर लिहा. काकूनं दोन्ही लिहिली आणि ज्याचा मजकूर त्याचं गाव, असं ठरवून टाकलं. पण सगळंच घेतलं तर फळा पुरणार नाही आणि पेपरातही गोंधळ व्हायचा, म्हणून तिनं एक अट घातली. दोन वेगवेगळ्या गावच्या माणसांनी तो शब्द लिहिलेला पाहिजे. एकट्यादुकट्याचा शब्द चालणार नाही. भगवंतरावांना ही अट फार आवडली. "कोर्टात बी दोन साक्षीदार लागतात," ते म्हणाले.

दोन-तीन वर्षं छान गेली. मग तात्याचं प्रकरण झालं.

अकोल्याच्या पलीकडं, बाळापूरच्या वाटेवरच्या एका खेड्यातून देवराव नावाचा शेतकरी पिकापाण्याची पत्रं पाठवायचा. माणूस चौकस, पण अक्षर असं की त्याचं त्यालाच लागू नये. एका पावसाळ्यानंतर त्यानं लिहिलं, 'आमच्या भागात पऱ्हाटीवर लाल्या पडला आहे, पाने लाल होऊन गळून राहिली आहेत.' लाल्या हा कपाशीचा रोग. पण देवरावाचे 'ल' 'त'सारखे होते. पुंजारामनं जुळवलं, 'पऱ्हाटीवर तात्या पडला आहे.'

पूर्वीची काकू असती तर तिनं पेन्सिल उचलली असती. आताची काकू थबकली. तिनं पुंजारामला विचारलं, "तात्या नावाचा रोग असतो का?"

पुंजाराम अमरावतीत वाढलेला. शेती त्यानं रस्त्यावरूनच पाहिलेली. "असंन बाई. कपाशीले रोजच काही ना काही होते," तो म्हणाला.

भगवंतराव त्या आठवड्यात गावी गेलेले होते. काकूनं शब्द तसाच जाऊ दिला. पुढच्या आठवड्यात दर्यापूरकडून पत्र आलं: 'आमच्याकडेही तात्या पडला आहे, उपाय कळवावा.' दोन गावं झाली. काकूनं समाधानानं खडू घेतला आणि फळ्यावर तात्या लिहिला.

तिथून तात्या पसरतच गेला. पत्रलेखक तो शब्द लिहू लागले. दर्यापूरच्या माणसाला हा शब्द 'वऱ्हाड-शिवार'मधूनच कळला होता. पानं लाल झाली, पेपरात तात्या वाचला, म्हणजे हाच तो रोग असं त्यानं धरलं. भगवंतराव परतले, त्यांनीही वाचलं, आणि हा अकोल्याकडचा शब्द असेल म्हणून गप्प बसले. साधारण एक मोसम वऱ्हाडातल्या कपाशीवर तात्या पडत होता.

एका दुपारी छापखान्याच्या दारात एक वयस्क गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरंशुभ्र धोतर, गुलाबी फेटा, हातात काठी. मागं एक पन्नाशीचा माणूस मान खाली घालून उभा होता.

"बसा काका," भगवंतराव म्हणाले. "काय काम काढलं?"

"मी तात्या," गृहस्थ म्हणाले. "मी कुठं कुठं पडलो थे पाह्याले आलो."

मागं उभा होता तो देवराव. तात्या त्याचे सख्खे चुलते. गावात, बाजारात, सोयऱ्यांच्या घरी, जिथं जातील तिथं लोक त्यांना विचारत होते, तात्या, यंदा तुमी कोणाच्या वावरात पडले? पुतण्यानंच हे पेपरात छापून आणलं असं कळल्यापासून त्यांनी देवरावाशी बोलणं टाकलं होतं. देवरावानं शपथा घेऊन सांगितलं की आपण लाल्या लिहिला होता. शेवटी तात्या म्हणाले, चल, छापणाऱ्यालेच विचारू.

काकूनं जुनी पत्रं ठेवलेल्या टोपलीतून देवरावाचं पत्र काढलं. तात्यांनी ते हातभर लांब धरून पाहिलं, मग देवरावाला दाखवलं. "देवराव, हे काय लिवलं तू?"

देवरावानं वाचायचा प्रयत्न केला. "लाल्या," तो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "तात्या बी वाचता येते."

तात्या पुतण्याशी बोलले ते असं, कितीतरी महिन्यांनी. काकूनं त्यांची माफी मागितली. तात्यांनी मान हलवली. त्यांची नजर फळ्याकडं गेली होती. "हे काय लिवलं?"

काकूनं सांगितलं. हे शब्द कोणी चुकीचे समजून बदलू नयेत, म्हणून जपून ठेवलेत.

तात्यांनी वरपासून खालपर्यंत फळा वाचला. आपलं नाव सापडलं तिथं थांबले. "बाकी बराबर हाये," ते म्हणाले. "मले तेवढं उतरवा."

काकूनं ओल्या फडक्यानं तात्या पुसला. पण फळ्यावरून पुसला म्हणून लोकांच्या तोंडून थोडाच जाणार होता. पुढच्या अंकात तिनं चौकटीत छापलं: 'तात्या हे कपाशीवरील कोणत्याही रोगाचे नाव नाही. रोगाचे नाव लाल्या. तात्या आपल्या गावी सुखरूप आहेत.' ही चौकट इतकी वाचली गेली की तात्या सगळीकडं आणखीच माहीत झाले. पुढं मात्र ते स्वतःच लोकांना ती गोष्ट सांगायचे असं ऐकलं.

काकूनं अट बदलली. आपणच छापलेला शब्द आपल्याकडंच साक्ष द्यायला परत येतो, हे तिच्या ध्यानात आलं होतं. आता शब्द कागदावर किती वेळा आला याला किंमत नव्हती. तो माणसाच्या तोंडून, तिच्या स्वतःच्या कानांनी ऐकलेला हवा. म्हणून कापसाच्या मोसमात ती बाजारात जाऊन उभी राहायची. बंड्यांची रांग लागलेली असायची, आणि काकू पिशवी हातात घेऊन लोकांचं बोलणं ऐकत हिंडायची. अडत्यांना वाटे, बाई भाव पाहतात. कुणी विचारलंच तर ती सांगे, "तुमचं बोलणं ऐकतेय." मग लोक जास्तच बोलत.

बासष्ट साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले. जुन्या पद्धतीत जिथं तिथं अनुस्वार होते. नांव, कांहीं, घरांत. बोलताना जे ऐकू येत नाहीत ते बहुतेक काढून टाकायचे ठरलं. पुंजारामला हा मोठाच सण वाटला. डोक्यावर टिंब असलेले खिळे शोधायचं त्याचं निम्मं काम गेलं. भगवंतरावांनी पुढच्या अंकापासून नवे नियम लावायचे ठरवलं आणि काकूला सांगितलं.

ती त्या दिवशी घरी आली ती तोंड पाडूनच. काकांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "अण्णांनी मला एकेका टिंबाचं कारण शिकवलं होतं. नांवातलं टिंब का, तर मुळात नाम. त्या टिंबात 'म' बसलेला आहे, म्हणायचे. आता मी रोज बसून तेच अनुस्वार पुसायचे."

पण तिनं पुसले. नियम तो नियम, हेही अण्णांनीच शिकवलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात अण्णा स्वतः, म्हणजे चिंतामणराव, लेकीकडं राहायला आले. निवृत्त झाले होते, पण चष्मा लावून हातात कागद धरला की अजून वर्गात उभे असल्यासारखे वाटत. काकूनं त्यांना छापखान्यात नेलं. त्यांनी ताजा अंक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. काकू समोर बसून होती. मला वाटतं, परीक्षेच्या निकालाची वाट पाहावी तशी.

"टिंबं गेली," ते म्हणाले.

"गेली."

"हं." मग त्यांनी मान वर करून फळा पाहिला. बराच वेळ पाहिला. "आणि हे शब्द? हे शुद्ध आहेत असं कोणी ठरवलं?"

"शुद्ध ठरवले नाहीत, अण्णा. हात लावू नये एवढंच ठरवलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तयार होऊन ते म्हणाले, "तुझा तो बाजार दाखव." आणि दोघं गेली. परत आली तेव्हा दुपार कलली होती, आणि अण्णांना एका बंडीवाल्यानं आपल्या शेजारी बसवून सगळी रांग फिरवून आणलं होतं. रात्रीच्या जेवणात ते एकटेच बोलत होते.

बडनेऱ्याला त्यांना गाडीत बसवताना त्यांनी काकांना सांगितलं की 'वऱ्हाड-शिवार' सांगलीच्या पत्त्यावर येऊ द्या. तेव्हापासून दर आठवड्याला अंक जायचा आणि दर आठवड्याला अण्णांचं कार्ड यायचं. कार्डात छापण्यातल्या चुका असायच्या, त्या खऱ्याच चुका असायच्या. फळ्यावरच्या शब्दांवर त्यांनी कधी बोट ठेवलं नाही. न कळलेला शब्द असला की खाली लिहायचे, 'अर्थ कळविणें.' स्वतःचे अनुस्वार त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाहीत, आणि काकूनंही त्यांना कधी नवे नियम सांगितले नाहीत.

एकदा त्यांचं जरा काळजीचं कार्ड आलं. भाजीबाजाराच्या बातमीत त्यांनी वाचलं होतं की सांबाराच्या जुड्यांनी बाजार भरून गेला. 'सांबर हा जंगलांतील प्राणी. त्याच्या जुड्या कशा बांधतात तें समजलें नाहीं. शिवाय अशी शिकार तिकडे उघड चालते काय?'

काकू हसत सुटली, काका हसले, आणि आम्ही मुलं का हसतायत ते विचारत राहिलो. वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे आम्हांला इतकं सवयीचं, की त्यात सांगण्यासारखं काही आहे हेच आम्हांला माहीत नव्हतं. काकूनं उत्तर लिहिलं नाही. तिनं कोथिंबिरीच्या चार काड्या कागदात दाबून लिफाफ्यात घातल्या आणि वर 'सांबार' एवढंच लिहून पाठवून दिलं.

आठवड्याभरानं अण्णांचं कार्ड आलं. 'पोंचला. वाळला आहे, पण वास आहे. तुझ्या आईनें तो डाळीवर घातला.'